महिन्याभरानं ठरवायचं ते आज ठरवू नका

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावातून एका आईनं लिहिलं आहे. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा. साडेपाचव्या वर्षी त्याला ब्लड कॅन्सर झाला, एएलएल (अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया), बी प्रकारचा, म्हणजे बी जातीच्या पांढऱ्या पेशींचा. अडीच वर्षं उपचार झाले आणि ते संपून अकरा महिने झाले होते. नेहमीच्या तपासणीत प्लेटलेट कमी आढळल्या, मॅरो, म्हणजे हाडातला मगज, काढून तपासल्यावर आजार उलटल्याचं कळलं. पाठीतलं पाणी स्वच्छ आहे, म्हणजे त्यात आजाराच्या पेशी नाहीत. डॉक्टर म्हणतात, आधी महिनाभर जोरदार केमो, मग एक तपासणी, आणि त्यावरून पुढे केमोच चालू ठेवायची की बोन मॅरो प्रत्यारोपण करायचं ते ठरेल. वडिलांना हा महिना वाया जातोय असं वाटतं. थेट प्रत्यारोपण करू म्हणून ते एकरभर जमिनीला गिऱ्हाईक शोधत आहेत. थोरल्या तेरा वर्षांच्या मुलाला त्यांनी सांगितलंय, "आता भावाला तूच वाचवायचं." तेव्हापासून तो गप्प आहे. धाकट्याला मात्र "रक्त कमी झालंय" एवढंच सांगितलं आहे. सासूबाईंनी बजावलंय, खरं कळलं तर पोर हाय खाईल. जाऊबाईंनी काढा आणून ठेवला आहे. पत्राच्या शेवटी आई लिहितात, "मागच्या वेळी दोन-तीनदा रात्रीची गोळी द्यायची राहिली होती. उपचार संपल्यावर त्याला सहलीला पाठवलं, बाहेरचं खाऊ दिलं. माझं कुठे चुकलं?"

ताई,

तुमच्या पत्रात पाच-सहा प्रश्न आहेत, आणि ते सगळे याच आठवड्यात सुटायला हवेत असं घरातल्या सगळ्यांनी धरून ठेवलंय. त्यातले काही खरोखर आजचे आहेत. काहींचं उत्तर महिन्याभरानं येणाऱ्या तपासणीशिवाय कुणालाच देता येणार नाही, तुमच्या डॉक्टरांनाही नाही. सगळे प्रश्न एकाच गाठीत बांधल्यामुळे आजच्या कामाला लागणारी ताकद महिन्यानंतरच्या काळजीत चालली आहे.

शेवटी लिहिलेला प्रश्न आधी घेते, कारण तो मनात घेऊन वॉर्डात महिनाभर बसणं फार कठीण जाईल. सहलीमुळे आजार परतत नाही. वडापाव, धूळ, अभ्यासाचा ताण, पडणं, नजर, यातल्या कशानंच नाही. गोळीबद्दल मात्र तुम्हाला नुसता दिलासा देणार नाही, खरं तेच सांगते. मेंटेनन्सच्या, म्हणजे उपचाराच्या शेवटच्या लांब, सौम्य टप्प्यातली रात्रीची गोळी सतत चुकत राहिली तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. तिथली सीमा साधारण शंभरात पाच डोस अशी धरतात. तुमच्या मुलानं त्या काळात पाचशे-सहाशे गोळ्या घेतल्या असतील. त्यातल्या दोन-तीन राहणं त्या सीमेच्या आसपासही जात नाही. ज्या घरात महिन्यातून चार-पाच रात्री गोळी राहत होती, त्यांनी ते डॉक्टरांना सरळ सांगावं. दोष काढायला ते विचारत नाहीत. आजार औषधाला दाद देत नव्हता की औषध पोटात पोचतच नव्हतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पुढची औषधं ठरवताना तो फरक उपयोगी पडतो.

आजार उलटतो तो बहुतेकदा पहिल्याच वेळी उरलेल्या पेशींमुळे. अब्जावधी पेशी औषधानं मरतात आणि त्याला दाद न देणाऱ्या मूठभर कुठेतरी तग धरून राहतात. शेतातली हराळी तुम्ही पाहिली असेल. रान कितीही स्वच्छ दिसलं तरी मुळाचा बोटभर तुकडा राहिला की पावसाळ्यात ती पुन्हा वर येते, आणि त्यात खुरपणाऱ्याचा हात कमी पडलेला नसतो.

आता "थेट प्रत्यारोपण". यजमानांची घाई मला समजते. घरात आग लागल्यावर माणूस बसून राहत नाही. पण हा महिना वाया जात नाही. आजार अंगात सक्रिय असताना नवा मॅरो घातला तर तो टिकण्याआधीच आजार पुन्हा उसळण्याची भीती फार मोठी असते. म्हणून आधी केमोनं आजार दाबायचा, रेमिशनमध्ये, म्हणजे मॅरोत आजार दिसेनासा होईल अशा अवस्थेत, आणायचा आणि मग पाहायचं, हा क्रम जगभर पाळला जातो. उद्या पैसे हातात पडले तरी जाणतं केंद्र तुमच्या मुलाचं प्रत्यारोपण आज करणार नाही.

दुसरं म्हणजे प्रत्यारोपण लागेलच असंही नाही. आजार कधी उलटला, कुठे उलटला आणि पेशी कोणत्या प्रकारच्या, या तीन गोष्टींवर बरंच अवलंबून असतं. उपचार चालू असतानाच किंवा संपल्यावर सहा महिन्यांच्या आत मॅरोत उलटला, किंवा पेशी टी प्रकारच्या असल्या, तर बहुतेक वेळा प्रत्यारोपणाकडेच जावं लागतं. तुमच्या मुलाचा उपचार संपून अकरा महिने झालेत आणि पेशी बी प्रकारच्या आहेत. याला उशिराचा रिलॅप्स म्हणतात, आणि उलटलेल्या आजारांमध्ये याचं भवितव्य तुलनेनं बरं असतं. अशा मुलांत महिन्याच्या केमोनंतर एमआरडी ही तपासणी निर्णायक ठरते. सूक्ष्मदर्शकाखाली मॅरो स्वच्छ दिसला तरी त्यात लपलेल्या पेशी ती मोजते, दहा हजार पेशींत एक इतक्या बारकाईनं. हा आकडा ठरलेल्या मर्यादेच्या खाली आला तर पुष्कळ मुलांना प्रत्यारोपण न करता पुढे सुमारे दोन वर्षं केमोवर ठेवतात. वर राहिला तर प्रत्यारोपण. ही मर्यादा काही उपचारपद्धतींत दहा हजारांत एक, काहींत हजारात एक धरतात. तेव्हा तुमच्याकडे कोणती आहे ते आजच विचारून वहीत लिहून ठेवा. म्हणजे रिपोर्टच्या दिवशी आकडा ऐकून गोंधळ होणार नाही.

प्रत्यारोपण हा केमोपेक्षा जास्त धाडसाचा, म्हणून जास्त चांगला उपाय, असा समज मला बऱ्याच घरांत दिसतो. तो फक्त गरजेचा असेल तेव्हाच चांगला. चार वर्षांवरच्या मुलांत त्याआधी बहुतेकदा सगळ्या अंगाला किरणोत्सर्ग द्यावा लागतो. फक्त औषधांवर भागतं का हे पाहणारा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात किरणोत्सर्गाची बाजू स्पष्ट वरचढ ठरली. पण त्याची किंमत उंचीला, थायरॉइडला आणि पुढे मूल होण्याच्या क्षमतेला मोजावी लागते. शिवाय दात्याच्या पेशी मुलाच्या कातडीवर, आतड्यावर, यकृतावर हल्ला करू शकतात, त्याला जीव्हीएचडी म्हणतात. हे सगळं पत्करायचं ते आजार त्याहून मोठा असेल तेव्हा. कमी एमआरडी असलेल्या मुलाला विनाकारण त्यातून नेणं म्हणजे काळजी जास्त घेणं नव्हे.

दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण त्यासाठी केमो आठवडेच्या आठवडे थांबवू नका. सोबत न्यायची फाईल अशी: पहिल्या वेळचा आणि आत्ताचा फ्लो रिपोर्ट (पेशींचा प्रकार सांगणारा), दोन्ही वेळचा सायटोजेनेटिक्सचा रिपोर्ट (पेशींच्या गुणसूत्रांचा), मॅरोच्या स्लाइड्स, नुकताच काढलेला हृदयाचा एको, आणि पहिल्या उपचाराचा गोषवारा. या गोषवाऱ्यात एक आकडा हवाच: डॉनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिन ही लाल औषधं आतापर्यंत एकूण किती मिलिग्रॅम गेली. त्यांचा हृदयावरचा परिणाम साठत जातो आणि या वेळी त्याच जातीचं औषध पुन्हा लागू शकतं. पुष्कळदा हा आकडा जुन्या फाईलमध्ये विखुरलेला असतो. तो बेरीज करून लिहून मागा. मुलाचे वृषण तपासले का, हेही विचारा. तिथे आजार दडून बसू शकतो आणि दुखत नसल्यामुळे मुलगे सांगत नाहीत.

आता आजचा खरा विषय, येणारा महिना. या टप्प्यात जंतुसंसर्ग हा आजाराइतकाच मोठा शत्रू असतो. औषधं मागच्या वेळेपेक्षा जड असतात, मॅरो आधीच थकलेला असतो आणि पांढऱ्या पेशी बरेच दिवस तळाला राहतात. म्हणून या चार-सहा आठवड्यांत गावी राहू नका. केंद्रापासून तासाभराच्या आत राहण्याची सोय करा. उपचार मुंबईत असतील तर कॅन्सरच्या मुलांसाठी सेंट ज्यूड संस्थेची मोफत निवासकेंद्रं आहेत, दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. जागा मर्यादित असते आणि मुलांच्या निवासकेंद्रासाठी शिफारस रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातूनच जाते. तेव्हा दाखल व्हायच्या दिवशीच त्या खिडकीवर जा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

ताप १००.४ फॅरनहाइट झाला की ती तातडीची वेळ. काखेतला थर्मामीटर थोडा कमी दाखवतो, म्हणून काखेत १०० दिसलं तरी फोन करा. आधी पॅरासिटामॉल देऊन "उतरतोय का बघू" असं अजिबात करू नका. ताप उतरेल, पण जंतू वाढत राहतील. रुग्णालयात पोचल्यावर पहिलं अँटिबायोटिक शिरेतून तासाभरात जायला हवं, रक्तपेशींच्या काउंटचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नाही. रात्रपाळीच्या डॉक्टरांना "केमो चालू आहे, न्यूट्रोफिल कमी आहेत" हे पहिल्या वाक्यात सांगा; न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. यासाठी केंद्राकडून एक पत्र आत्ताच लिहून घ्या. त्यात मुलाचं नाव, वजन, निदान, ताप आल्यावर द्यायचं अँटिबायोटिक, त्याचा वजनाप्रमाणे डोस आणि केंद्राचा फोन असावा. पुढे गावी जाल तेव्हा तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांना हे पत्र आधीच दाखवून ठेवा. अनोळखी डॉक्टर अशा मुलाला हात लावायला कचरतात. पत्र हातात असेल तर पहिला डोस तिथेच मिळतो आणि मग पुढचा प्रवास करता येतो.

ताप नसतानाही सावध राहायच्या वेळा असतात. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड चालू असताना मोठा संसर्गही तापाशिवाय येऊ शकतो. मूल एकदम मलूल झालं, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली, तर तेवढ्यावरच निघा. कॅथेटर किंवा पोर्ट (औषधं देण्यासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) फ्लश केल्यानंतर, म्हणजे औषधी पाण्यानं धुतल्यानंतर, थोड्याच वेळात हुडहुडी भरली तर जंतू नळीतच असू शकतात. बेंबीच्या वर दुखून कळ पाठीत जात असेल आणि उलट्या होत असतील, तर अ‍ॅस्पॅरजिनेज या केमोच्या औषधामुळे स्वादुपिंडाला सूज आली असू शकते. ते आम्लपित्त समजून सोडा पाजू नका. जोराची डोकेदुखी, झटका, बोलताना जीभ अडखळणं, ही मेंदूच्या शिरेत गुठळी झाल्याची खूण असू शकते. तीही याच औषधानं होते.

व्हिनक्रिस्टीन या केमोच्या इंजेक्शनमुळे पोट साफ होत नाही, जबडा दुखतो, चालताना पंजा खाली लोंबतो. पहिल्या दिवसापासून शौचाचं औषध चालू ठेवायचं. एनिमा नाही, गुदद्वारातून थर्मामीटर नाही. बुरशीविरुद्धची काही औषधं, व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोल वगैरे, व्हिनक्रिस्टीनबरोबर गेली तर हा त्रास फार वाढतो. दुसऱ्या कुणा डॉक्टरांनी अशी गोळी लिहिली तर घेण्याआधी केंद्राला विचारा. तापासाठी किंवा दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको. कमरेत किंवा दंडात टोचायचं कुठलंही इंजेक्शन केंद्राला विचारल्याशिवाय नको.

तुमच्या औषधांत मायटोझॅन्ट्रोन असेल तर एक-दोन दिवस लघवी निळसर-हिरवी होते, कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरही छटा येते. मागच्या वेळी लाल औषधानंतर लघवी लाल झालेली तुम्ही पाहिली असेल, तसंच हे. आधी माहीत असलं की मध्यरात्री घाबरगुंडी उडत नाही, आणि मुलालाही गंमत म्हणून सांगता येतं. डेक्सामेथासोनच्या दिवसांत तो रात्री दोनला वरणभात मागेल, चिडेल, रडेल, भावाच्या अंगावर जाईल. हे औषध बोलतंय. पोर लाडावलं म्हणून त्याला रागावू नका. डोस शक्यतो खाल्ल्यावर द्या, दुसरा डोस संध्याकाळी फार उशिरा नको म्हणजे झोप लागेल, आणि मनानं एकदम बंद करू नका. रक्तदाब आणि साखर मोजली जातेय ना याकडे लक्ष ठेवा. त्या दिवसांत लोणचं, पापड, फरसाण घरातच नसलेलं बरं.

रक्ताचं वेगळं सांगायला हवं, कारण इथे प्रेमापोटी चूक होते. या मुलासाठी रक्त किंवा प्लेटलेट आईवडिलांनी, भावानं, काका-मामांनी देऊ नयेत. पुढे प्रत्यारोपण लागलं तर दाता याच घरातून निघण्याची शक्यता आहे, आणि आधीच त्यांचं रक्त गेलं असेल तर मुलाचं शरीर त्या पेशींविरुद्ध तयार होऊन बसतं. घरच्यांना द्यायचंच असेल तर रक्तपेढीत इतर रुग्णांसाठी द्यावं. मुलाला दिलं जाणारं रक्त इरॅडिएटेड (किरण दिलेलं) आणि पांढऱ्या पेशी गाळलेलं आहे ना, हे प्रत्येक पिशवीच्या वेळी विचारा. नर्सला राग येणार नाही. मशीनवरच्या प्लेटलेट, म्हणजे एसडीपी, देण्यासाठी गावातल्या, नात्याबाहेरच्या तरुणांची यादी आजच करा: नाव, रक्तगट, फोन, वजन. गेल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेलं नसावं. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, म्हणून सगळ्यांना एकाच दिवशी आणू नका, पाळीपाळीनं बोलवा.

काढ्याबद्दल मी मवाळ बोलणार नाही. या महिन्यात तो देऊ नका. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे, आणि तुमच्या मुलाच्या यकृतावर अ‍ॅस्पॅरजिनेजचा भार आधीच असेल. काही भस्मांत शिसं, पारा सापडतो. पपईच्या पानांचा कच्चा रस पांढऱ्या पेशी तळाला असलेल्या मुलाला पाजणं म्हणजे न शिजवलेल्या पाल्यातले जंतू पोटात घालणं. जाऊबाईंशी भांडू नका. त्यांना काम द्या. ताजं शिजवलेलं, गरम, घरचं जेवण दोन वेळा पोचवणं हे या महिन्यात कुठल्याही काढ्यापेक्षा मोठं काम आहे. कोशिंबीर, उघड्यावरची चटणी, चिरलेली फळं, बाहेरचा बर्फ नको. केळं, संत्रं अशी सोलून खायची फळं धुऊन चालतात. दही-ताकाबद्दल केंद्रागणिक नियम वेगळे आहेत, तुमच्या आहारतज्ज्ञांना विचारा.

आता जमीन. ती विकू नका असं मी म्हणत नाही, वेळ आली तर विकावी लागेलही. पण घाईनं विकलेल्या जमिनीला भाव मिळत नाही, आणि तुम्हाला नेमकी किती रक्कम लागणार हे आज कुणालाच माहीत नाही. केमोवर भागलं तर हिशेब वेगळा, भाऊ पूर्ण जुळला तर वेगळा, आईवडिलांकडून अर्धं जुळणारं प्रत्यारोपण करावं लागलं तर आणखी वेगळा. या तिन्हींत लाखांचा फरक पडतो. तिन्हींचं लेखी अंदाजपत्रक मागा. त्यात खोलीचं भाडं आणि औषधं एवढंच पाहू नका. रक्तघटक, प्रत्यारोपणानंतरच्या विषाणूंच्या वारंवार तपासण्या, आणि रुग्णालयाजवळ राहायचे पहिले शंभर दिवस हे सगळं धरलंय का पाहा. लोकांचे पैसे संपतात ते याच शंभर दिवसांत.

दरम्यान अर्ज सुरू करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे, शिधापत्रिका आणि आधार घेऊन जा आणि कोणता उपचार योजनेत बसतो, कोणता नाही, ते स्पष्ट विचारा. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधी यांचे पैसे रुग्णालयाला जातात, तुमच्या हातात येत नाहीत. बिल भरून झाल्यावर मागायला गेलात तर हाती काही लागत नाही, म्हणून अंदाजपत्रक मिळालं की लगेच अर्ज. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढायला वेळ लागतो, तो या आठवड्यातच टाका. धर्मादाय नोंदणीच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथे "धर्मादाय खाट आहे का" असं स्पष्ट विचारावं लागतं, आपणहून कुणी सांगेलच असं नाही. टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या मुलांना मदत करणारं इम्पॅक्ट फाउंडेशन आहे. रेल्वेत कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री टियर एसीचं भाडं माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. यजमानांना काहीतरी करायचं आहे, तर या कागदांची फाईल त्यांच्याकडे द्या. खरोखर धावपळीचं काम आहे ते.

नातेवाईक मोबाइलवर नव्या उपचारांचे व्हिडिओ पाठवत असतील. ब्लिनाटुमोमॅब हे औषध बी प्रकारच्या पेशींवर काम करतं, २८ दिवस पंपानं अखंड चढवतात. काही मुलांत प्रत्यारोपणाआधी जड केमोपेक्षा ते सरस ठरलं आहे, पण महाग आहे. तुमच्या मुलाला त्याचा उपयोग आहे का आणि कोणत्या टप्प्यावर, हे विचारणं रास्त आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या भारतीय कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच टी पेशी बदलून कॅन्सरशी लढवतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण ती १५ वर्षं आणि पुढच्या रुग्णांसाठी. तुमच्या मुलासाठी आज तो रोजचा पर्याय नाही. पुढे गरज पडली तर लहान मुलांच्या चाचण्या चालू आहेत का, एवढं विचारून ठेवा.

धाकट्याला सांगण्याबद्दल. सासूबाईंचं म्हणणं मायेतून आलंय, पण त्यामागचं गृहीतक तपासून पाहा. त्याला माहीत नाही, असं तुम्ही धरून चाललाय. नऊ वर्षांच्या मुलाला तोच वॉर्ड, तीच सिस्टर, तेच पाठीतलं इंजेक्शन आठवत नाही का? दोन-तीन आठवड्यांत केस गळतील, तेव्हा "रक्त कमी झालंय" कुठवर पुरेल? आपल्यापासून लपवतायत एवढं त्याला कळलं की तो विचारणं बंद करतो, आणि दुखतंय हेही सांगत नाही. या महिन्यात पोट दुखतंय हे त्यानं वेळेवर सांगणं जीव वाचवणारं असू शकतं.

पाच वाक्यं पुरतात. "तुझा मागचा आजार परत आलाय. तू काही केलंस म्हणून नाही, कुणीच काही केलं नाही. डॉक्टरांकडे या वेळी वेगळी, जास्त जोराची औषधं आहेत. काही दिवस त्रास होईल, केस जातील, शाळा बुडेल. मी किंवा बाबा सोबत असूच." पुढचं त्याच्या प्रश्नांवर सोडा. "ही शेवटची सुई" असं वचन देऊ नका, ते मोडणारच आहे. "मी मरणार का?" असं त्यानं विचारलं तर "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. "तुला तसं का वाटलं?" विचारा, तो काय ऐकून आलाय ते कळेल. मग सांगा, "तू बरा व्हावास म्हणूनच हे सगळं चाललंय. भीती वाटली की मला सांग, मलाही कधी कधी वाटते." सासूबाईंना आधी विश्वासात घ्या, आणि सांगताना त्यांना खोलीत बसू द्या. त्यांच्यासमोर पोरगं कोसळलं नाही, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं बरं.

आणि थोरला. तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती त्याची. "तूच वाचवायचं" हे वाक्य तेरा वर्षांच्या मुलानं पेलायचं नाही. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. म्हणजे तो न जुळण्याचीच शक्यता जास्त आहे. मग काय, त्यानं भावाला मारलं? आणि जुळला, पण पुढे काही बिघडलं, तर? हे ओझं काढायचं असेल तर ज्यांनी वाक्य उच्चारलं त्यांनीच ते मागे घ्यायला हवं. यजमानांनी त्याला एकट्याला घेऊन सांगावं: "मी घाबरून बोललो. भावाला बरं करणं डॉक्टरांचं काम आहे. तुझी तपासणी झाली तर ती फक्त माहिती. जुळलं नाही तर ते नशीब, तुझा दोष नाही. जुळलं आणि तरीही काही झालं, तरी तुझा दोष नाही."

तपासणी म्हणजे थोडं रक्त किंवा गालाच्या आतून फिरवलेला कापूस. डॉक्टर ती आत्ताच पाठवू म्हणाले तर पाठवा, अहवालाला वेळ लागतो. प्रत्यारोपण ठरलं असा त्याचा अर्थ नाही. जुळून पुढे जायची वेळ आलीच, तर त्याला पूर्ण भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईनं मॅरो काढतात, हाड कापत नाहीत. काही दिवस कंबर दुखते, आणि काढलेला मॅरो काही आठवड्यांत भरून येतो. त्याला हे समुपदेशकांनी, तुमच्या गैरहजेरीत समजावलेलं चांगलं, कारण आईबापांसमोर तो "नाही" किंवा "भीती वाटते" म्हणू शकणार नाही. तोवर त्याला एक गोष्ट द्या: रोज भावाशी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं. आणि त्याच्या शाळेतल्या एका शिक्षकांना घरी काय चाललंय ते सांगून ठेवा.

रुग्णालयात पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करण्याच्या उपचारांचा, विभाग असेल तर पहिल्याच महिन्यात त्यांना भेटा. त्यांचं नाव ऐकून घरात रडारड होईल, कारण तिथे शेवटीच पाठवतात असा समज आहे. तोंडातले फोड, मळमळ, हाडांचं दुखणं, मुलाची भीती, आईची झोप, यावर ते उपचार चालू असतानाच काम करतात. त्यानं केमो थांबत नाही.

आणि एमआरडीच्या रिपोर्टच्या दिवशी एकट्या जाऊ नका. दोघं जा, सोबत शांत डोक्याचा एक नातेवाईक असू द्या आणि त्याच्याकडे वही द्या. आकडा, आपली मर्यादा, डॉक्टरांचा सल्ला, दुसरा पर्याय काय आणि उत्तर कधीपर्यंत द्यायचं, एवढं त्यानं लिहून घ्यावं. त्या दिवशी खोलीतच "हो" म्हणायचं बंधन नसतं, दोन दिवस मागता येतात. जमिनीचं गिऱ्हाईक त्या तारखेनंतर बोलवा.